मुख्य अडाणी

थोरलीने कंपनी काढली ती रागाच्या भरात, आणि त्या रागाला कारण होतं पाणी तापवायचं एक यंत्र. यंत्र चांगलं होतं. पाणी तापवायचं, वेळेवर बंद व्हायचं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्यासोबत आलेल्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर छापलं होतं, ‘वापर झाल्यानंतर लहान मुलांना थंड व कोरड्या जागी साठवून ठेवावे.’ घरात लहान मूल नव्हतं म्हणून अनर्थ टळला.

थोरली तेव्हा एका यंत्रकंपनीच्या मदतीच्या फोनवर बसायची. दिवसाला साठ माणसं तिच्याकडे रडायची. त्यांतली दहा यंत्र बिघडलं म्हणून, आणि उरलेली पन्नास पुस्तिका वाचली म्हणून. ते शेवटचं पान वाचल्यावर तिने नोकरी सोडली, घरातल्या गाद्यांच्या खोलीतल्या गाद्या एका भिंतीला रचल्या, खिडकीशी टेबल लावलं आणि जाहीर केलं की आजपासून आपण यंत्रांच्या पुस्तिका माणसांच्या भाषेत लिहून देणार. कंपनीचं नाव ‘कळलं का’.

“कंपनी कुठाय?” बाबांनी विचारलं.

“ही काय.”

“ही गाद्यांची खोली आहे.”

“कंपनीला जागा लागत नाही, बाबा. जो तो आपापल्या घरून काम करणार. कोणी कोणाला भेटायचं नाही.”

बाबांनी यावर नीट विचार केला. चौतीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या फाटकावर हजेरी कारकून म्हणून काढली होती. माणूस कसा आहे हे त्यांना सांगता येत नसे, पण तो किती वाजता आहे हे अचूक सांगता येई.

“आणि हजेरी?” ते म्हणाले.

हजेरी नाही म्हणाली असती तर घरात जेवण शिजलं नसतं, म्हणून थोरलीने त्यांना हजेरी देऊन टाकली. बाबांनी लांबलचक रकान्यांची वही आणली, पेन्सिलला टोक काढलं आणि एकच नियम केला. आत येताना ‘आलो’ म्हणायचं, बाहेर पडताना ‘येतो’. आत आणि बाहेर असं काही नव्हतंच, म्हणून थोरलीने फोनवर सगळ्यांचा एक गट केला आणि त्याला ‘व्हरांडा’ असं नाव दिलं. सकाळी सगळ्यांनी व्हरांड्यात येऊन ‘आलो’ लिहायचं, जाताना ‘येतो’ लिहायचं, आणि बाबांनी पुढच्या खोलीत बसून ते वहीत उतरवायचं. त्या दिवसापासून ते लेकीला मालक म्हणू लागले. सुरुवातीला टोमणा म्हणून, मग सवय म्हणून.

व्हरांड्यात येणारी माणसं तीन. पहिले मास्तर. त्यांनी आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवलं होतं आणि आता ते पुस्तिका लिहीत. दुसरा चित्रकार. बटण दाबणारा हात, झाकण उचलणारा हात, प्लग काढणारा हात अशी चित्रं तो काढी. हात सोडून बाकीचा माणूस त्याला फारसा जमत नसे. आणि तिसऱ्या अडाणीबाई.

हे पद थोरलीने स्वतः शोधून काढलं होतं. पुस्तिका लिहिणाऱ्याला यंत्र कळलेलं असतं, खरी गोची तिथेच असते, असं तिचं म्हणणं. तेव्हा प्रत्येक पुस्तिका अशा माणसाने वाचायची की ज्याला काही म्हणजे काही माहीत नाही, आणि जिथे अडेल तिथे सांगायचं. तिने जाहिरात दिली, ‘काहीही न कळणारी व्यक्ती पाहिजे.’ दोनशे अर्ज आले. सगळ्यांनी पदव्या जोडल्या होत्या. एका बाईंनी अर्ज केलाच नाही, सरळ फोन केला.

“मुली, ही जाहिरात मला कळली नाही,” त्या म्हणाल्या. “न कळणारी म्हणजे जिला कळत नाही ती, का जी कोणाला कळत नाही ती?”

थोरलीने त्यांना तिथल्या तिथे नेमलं. नेमणुकीच्या पत्रावर ‘मुख्य अडाणी’ असं छापलं. हाताखाली दुसरा अडाणी नव्हता, पण मुख्य म्हटलं की जरा बरं दिसतं.

बाई राहायच्या दीड दिवसाच्या प्रवासावर. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज खणखणीत, आधीची नोकरी टेलिफोनच्या चौकशी खात्यात. त्यांची कामाची रीत ठरलेली होती. सकाळी टपाल बघायचं, पावणेबाराला व्हरांड्यात ‘येते’ लिहायचं आणि फोन बंद करून दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवायचा. मग चार वाजेपर्यंत एकटीने वाचन. अडाणी माणसाला विचारायला शेजारी कोणी नसतं, मग मी तरी का कोणाला विचारू, असा त्यांचा हिशेब. चारला परत यायच्या आणि अहवाल पाठवायच्या.

‘पान चार. झाकण लावून यंत्र सुरू होऊ द्यावे, असं लिहिलंय. मी झाकण लावलं आणि बसून राहिले. बटण दाबा असं कुठेच म्हटलेलं नाही. माणूस अजून बसलाय.’

अशा अहवालांनी कंपनी वर आली. अडीच वर्षांत ‘कळलं का’ची पुस्तिका वाचून एकाही माणसाने मूल कपाटात ठेवलं नाही.

आणि मग घरगुती पिठाचं यंत्र बनवणारी मोठी कंपनी आली. तिच्याकडे तीस यंत्रं होती, तिसांच्या पुस्तिका करायच्या होत्या, आणि पहिल्या यंत्राची पुस्तिका नमुना म्हणून आधी करायची होती. त्यांचे साहेब शुक्रवारी फोनवर म्हणाले, “तुमचे लेखक बरे आहेत, चित्रंही ठीक. असे मला गल्लोगल्ली मिळतात. पण त्या चुका काढणाऱ्या बाई तुमच्याकडे आहेत ना? त्या असतील तर काम तुमचं. सोमवारी पाचला फोन करतो. आहेत म्हणालात की सही.”

“आहेतच,” थोरली म्हणाली. तिला कशाचीच शंका नव्हती. हा तिचा स्वभाव होता आणि आतापर्यंत तो फायद्यात चालला होता.

सोमवारी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी बाबा हजेरीची वही छातीशी धरून गाद्यांच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

“मालक, हे कुठल्या रकान्यात घालू?”

“काय?”

“अडाणीबाईंनी लिहिलंय, ‘जाते.’”

थोरलीने फोन बघितला. व्हरांड्यात खरंच तेवढंच होतं. ‘जाते.’ पुढे पूर्णविराम. आणि त्याच्यापुढे काही नाही.

“घाईत लिहिलं असेल,” ती म्हणाली.

“घाईत माणूस ‘येते’ म्हणतो. ‘जाते’ म्हणायला विचार करावा लागतो.” बाबा गादीच्या कडेला टेकले. “चौतीस वर्षांत माझ्या फाटकावर दोघंच ‘जातो’ म्हणाले. एकाने दुसऱ्या दिवशी राजीनामा पाठवला. दुसऱ्याने मुकादमाच्या डोक्यात डबा घातला आणि मग राजीनामा पाठवला.”

थोरलीने बाईंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. पुन्हा बंद. पावणेबारा वाजले, बारा वाजले, रोजचं ‘येते’ काही आलं नाही. तोवर मास्तरांचाच फोन आला.

“मालक, व्हरांडा बघितलात? तो पूर्णविराम बघितलात?”

“बाई नेहमीच पूर्णविराम देतात, मास्तर.”

“देतात. पण असा नाही देत.” मास्तरांचा श्वास वरखाली होत होता. “हा कायमचा आहे. मी पूर्णविराम ओळखतो.”

“तुमचं त्यांच्याशी काही झालं का?”

पलीकडे मास्तरांनी घसा खाकरला. वर्गात प्रश्न विचारल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा खाकरतो तसा.

“मी एकदा चित्रकाराला लिहिलं होतं,” मास्तर म्हणाले. “खाजगीत. की बाईंना खरंच कळत नाही, का पगारासाठी सोंग घेतात. माझ्या एका परिच्छेदात त्यांनी सतरा चुका काढल्या होत्या हो. माणूस आहे मी. ते त्यांच्या कानावर गेलं असणार.”

दहा मिनिटांनी मास्तरांनी व्हरांड्यात जाहीर माफी मागितली. माफी दीड पानांची होती, तिच्यात ‘अनवधानाने’ तीनदा आणि ‘सदरहू’ दोनदा आलं होतं. ते वाचून चित्रकाराला वाटलं की आपलंच बिंग फुटलंय. त्याने थोरलीला फोन केला.

“ताई, त्यांनी चित्र ओळखलं.”

“कुठलं चित्र?”

“‘असे करू नये’च्या रकान्यातली बाई. बादलीत उभी राहून तारेला हात लावते ती. केस ताठ उभे राहिलेली.”

“तिचं काय?”

“त्या अडाणीबाई आहेत.” त्याचा आवाज रडकुंडीला आला होता. “मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण त्यांचे अहवाल वाचून मला वाटायचं, अशाच दिसत असतील. सात पुस्तिकांत काढलंय मी त्यांना. एकीत त्या पंख्यात वेणी घालतायत.”

त्यानेही व्हरांड्यात माफी लिहिली आणि सातही चित्रांची पानं सांगितली, म्हणजे ज्यांनी बघितली नव्हती त्यांनीही बघितली.

मग बाबांची पाळी आली. महिन्यापूर्वी बाई अकरा मिनिटं उशिरा आल्या म्हणून त्यांनी अर्धी रजा मांडली होती. बाबांना फोनवर लिहिता येत नसे. त्यांनी वहीतलं ते पान खोडरबरने साफ केलं, त्याचा फोटो काढला आणि व्हरांड्यात टाकला. सबंध आयुष्यात त्यांनी हजेरीत केलेली ती पहिली खाडाखोड होती. नंतर ते उठले आणि पिशवी भरू लागले.

“कुठे निघालात?” थोरलीने विचारलं.

“बाईंकडे. दीड दिवसात पोचतो.”

“फोन पाचला यायचाय, बाबा. आज पाचला.”

“मग मी उशिरा पोचेन. ते वहीत मांड.”

आईने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, “आधी लेकीला विचारा, तिने काय दिवे लावलेत ते.”

थोरलीने मान वर केली नाही. ती फोनवर मागे मागे जात होती. बाईंचे अहवाल एकामागून एक वर सरकत होते. अडीच वर्षांतले दोनशे अकरा. प्रत्येक अहवालाखाली थोरलीने एक अंगठा टाकलेला होता. छान झालं म्हणायला अंगठा, मिळालं म्हणायला अंगठा. एकदा बाईंनी लिहिलं होतं, ‘आज बरं वाटत नव्हतं, तरी चौदा पानं वाचली.’ त्याच्याखालीही अंगठा.

तिने व्हरांड्यात लिहिलं, ‘दोनशे अकरा वेळा मी तुम्हाला शब्दाने उत्तर दिलं नाही. कंपनी माणसांच्या भाषेत लिहिते म्हणून मी जगभर सांगत फिरते आणि तुमच्याशी अंगठ्याने बोलते.’ पाठवून झाल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं की बाई खरंच गेल्या असाव्यात, आणि गेल्या असल्या तर त्यांचं चुकलेलं नाही.

पण हातपाय गाळून बसायला ती काही मास्तर नव्हती. साहेबांचा फोन येणार होता आणि पिठाच्या यंत्राची पुस्तिका कोणीतरी वाचायला हवी होती. नमुन्याचं यंत्र वाटेत कुठेतरी अडकलं होतं, हाताशी नुसती चित्रं आणि मजकूर होता. थोरलीने ठरवलं, आज आपणच अडाणी व्हायचं. तिने फोन बंद केला, पलीकडच्या खोलीत ठेवला आणि पान एकपासून सुरुवात केली.

हे काम सोपं असेल अशी तिची समजूत होती. ती तिसऱ्या ओळीपर्यंत टिकली. ‘यंत्र सपाट जागेवर ठेवावे.’ हे तिला कळलं. ती पुन्हा वाचू लागली आणि पुन्हा कळलं. कळायचं थांबेचना. डोळे बारीक करून वाचलं, मोठ्याने वाचलं, आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, “सपाट म्हणजे टेबलावर का जमिनीवर?” थोरली आईकडे बघतच राहिली आणि तिने समासात पहिली खूण केली.

अशी खुरडत ती नवव्या पानावर आली. नवव्या पानावर यंत्राच्या पोटाचं चित्र होतं. आत दोन गोल दगड, एकावर एक, वरचा फिरतो आणि मधलं धान्य दळलं जातं. दगडांकडे एक बाण होता. बाणाच्या शेपटीशी समासात, सकाळी बाईंना पानांचे फोटो पाठवताना घाईत खरडलेलं, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘अडाणीबाई, याला नेमकं काय म्हणायचं? एका शब्दात कळवा. आज दुपारच्या आत.’

थोरलीने ते वाचलं. मग चित्र बघितलं. मग दोन दगडांना घरोघरी काय म्हणतात ते तिला आठवलं.

“बाबा!” ती ओरडली. “जाते!”

बाबा धावत आले. “तूही?”

“नाही हो! जाते! दळायचं जाते! मी त्यांना शब्द विचारला होता आणि त्यांनी शब्द सांगितला!”

बाबांना हे पचवायला थोडा वेळ लागला. ते वहीकडे बघत म्हणाले, “म्हणजे मी खाडाखोड उगाच केली.”

अडीच वाजले होते. थोरलीने मास्तरांना आणि चित्रकाराला एकाच फोनवर घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. आनंद अर्धं मिनिट टिकला.

“व्हरांड्यातलं पुसता येतं ना?” मास्तरांनी विचारलं. “मालकाला पुसता येतं असं ऐकलंय.”

“येतं.”

“मग पुसा ना, ताई!” चित्रकार म्हणाला. “चारच्या आत पुसा! त्यांना त्या चित्राचं ठाऊकच नव्हतं. आता मीच पानं सांगून ठेवलीयत.”

“माझं ते सोंगाचं वाक्यसुद्धा,” मास्तर म्हणाले. “त्यांच्या कानावर गेलेलंच नाही. मी स्वतःच्या हाताने घालतोय ते.”

थोरलीने व्हरांडा उघडला. पुसायची खूण अंगठ्याच्या अगदी खाली होती. दोन क्षणांत सगळं साफ झालं असतं, बाई चारला आल्या असत्या, पाचला साहेबांना होकार गेला असता. ती तिथे बोट धरून बराच वेळ बसली.

“नाही पुसत,” ती शेवटी म्हणाली.

“का?”

“मास्तर, गैरसमज बाईंच्या जाण्याबद्दल होता. तुम्ही जे लिहिलंत त्यात गैरसमज कुठाय? तुम्ही तसं म्हणाला होतात. याने तसं काढलंय. मी तसं वागलेय. कारण चुकीचं निघालं म्हणून कबुली खोटी होत नाही.”

“आणि त्या चिडून खरंच गेल्या तर?”

“तर निदान आपल्याला का ते माहीत असेल.”

हे बोलताना तिचा आवाज ठाम होता. अंगठा मात्र तिने दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरून ठेवला होता, पण कंपनी पूर्णपणे फोनवर चालत असल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही.

चार वाजता व्हरांड्यात बाईंचा निरोप आला. ‘येते.’

बाबा ताडकन उठले. “आत्ता कुठे आल्या आणि लगेच येते?”

पाठोपाठ दुसरा निरोप आला. ‘आले. सकाळचं ‘येते’ आत्ता गेलेलं दिसतंय. पावणेबाराला रेंज नव्हती.’ मग तिसरा. ‘बापरे. किती लिहिलंय. वाचते.’

त्यानंतर एकोणीस मिनिटं काही नाही. बाबांनी पेन्सिलला असलेलंच टोक पुन्हा काढलं. मास्तरांनी दोनदा फोन करून विचारलं, वाचून झालं का. एकोणिसाव्या मिनिटाला थोरलीचा फोन वाजला.

“मुली,” बाई म्हणाल्या, “मी दगडाचं नाव सांगितलं होतं.”

“हो. कळलं आम्हाला. जरा उशिरा.”

“ते पुस्तिकेत घालू नकोस हं. मी नंतर विचार केला. ‘जाते थांबेपर्यंत हात घालू नये’ असं वाचलं की माणूस आधी बघेल कोण जाते ते. दगडच म्हण.”

“दगड.”

“आता मला सांग, ती बादलीतली बाई मी आहे?”

“हो.”

“सातही ठिकाणी?”

“हो. पंख्यातली वेणीसुद्धा.”

“माझे केस एवढे दाट नाहीत गं,” त्या म्हणाल्या. “त्याला सांग, उपकार झाले. पण मास्तरांचं ते वाक्य मला लागलं.”

थोरलीने ते समोरच्या पानाच्या समासात लिहून घेतलं.

“टेलिफोनच्या चौकशीत होते तेव्हा सगळ्या गावाचे नंबर मला पाठ होते. लोक विचारायच्या आधी मला उत्तर माहीत असायचं. माणसाला माहीत असलेलं विसरणं किती जड जातं, तुला कल्पना नाही.”

“आज आली. तिसऱ्या ओळीपर्यंत.”

“तिसऱ्या? बरी आहेस.” त्यांचा आवाज क्षणभर हसला आणि परत सरळ झाला. “मी रोज सकाळी उठून विसरते. बादल्या उपड्या घालून त्यांचं यंत्र करते, झाडूचा दांडा फिरवते. त्याला कोणी सोंग म्हटलं की बरं नाही वाटत. आणि तू विचारलं नाहीस तरी सांगते. राजीनामा मी पंधरा दिवसांपूर्वीच लिहून ठेवलाय. या शुक्रवारी पाठवणार होते.”

बाईंचा खणखणीत आवाज दारातल्या बाबांपर्यंत पोचला आणि त्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. साडेचार वाजले होते. विनवण्या कराव्यात, पगार वाढवावा, दुसरा अडाणी हाताखाली द्यावा, असं सगळं तिच्या मनात एकदमच आलं. त्यातलं काहीच तिने केलं नाही.

“वाचून दाखवा,” ती म्हणाली.

“काय?”

“राजीनामा. या कंपनीतून कुठलाही मजकूर तपासल्याशिवाय बाहेर जात नाही.”

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज झाला. बाईंनी घसा साफ केला. “‘महोदया, मी आपल्या कंपनीत अडीच वर्षे कार्यरत असून वैयक्तिक कारणास्तव...’”

“थांबा. ओळ एक. ‘वैयक्तिक कारणास्तव’ म्हणजे कोणतं कारण? मला कळलं नाही.”

“असं लिहायची पद्धत असते.”

“अडाणी माणसाला पद्धत ठाऊक नसते. त्याला वाटेल, बाईंचं लग्न ठरलं.”

बाई हसल्या. इतक्या मोठ्याने की फोन कानापासून लांब धरावा लागला. हसू ओसरल्यावर त्या हळू बोलल्या, “कारण हे, की मी एकटीच बोलतेय असं वाटायला लागलं होतं. विहिरीत तोंड घालून बोलावं तसं. विहीर निदान आवाज परत तरी देते. तू अंगठा देतेस.”

“हे लिहा. हे कळतं.”

“लिहिलं तर राजीनामा राहत नाही. तक्रार होते.”

“मग तक्रार द्या. तिला मी आजच उत्तर देते. शब्दात.”

“आजचं सोड. आज सगळे घाबरलेले आहेत. घाबरलेला माणूस दहा पानं लिहितो.” बाईंनी कागदाची घडी घातली, तेही ऐकू आलं. “उद्याचं बघते. परवाचं बघते. माझ्या अहवालाला मास्तर उत्तर देतात का, तो पोरगा देतो का, तू देतेस का. आणि मास्तरांनी मला फोन करावा. दीड पान नको, फोन.”

“आणि शुक्रवार?”

“शुक्रवारी कळेल शुक्रवारचं.”

थोरलीने घड्याळाकडे पाहिलं. “बाई, पाचला पिठाच्या यंत्रवाल्या साहेबांचा फोन येईल. ते एवढंच विचारणार, तुम्ही आहात का. मी शुक्रवारी ‘आहेतच’ म्हणाले होते, तुम्हाला न विचारता. आज तसं म्हणणार नाही. तुम्ही जे सांगाल तेच सांगते.”

“तू कशाला सांगतेस? मलाच जोडून दे.”

पाचच्या ठोक्याला फोन आला. थोरली म्हणाली, “साहेब, बाई आहेत की नाही हे मी सांगण्यापेक्षा त्याच सांगतील,” आणि तिने बाईंना जोडून घेऊन फोन सगळ्यांना ऐकू येईल असा मोठ्या आवाजावर ठेवला. बाबा, आई आणि रचलेल्या गाद्या श्वास रोखून ऐकू लागल्या.

“नमस्कार, बाई,” साहेब ऐसपैस आवाजात म्हणाले. “तुमच्याबद्दल फार ऐकलंय. तुम्ही तिथे नेमकं काय करता?”

“मला जे कळत नाही ते विचारते.”

“वा. म्हणजे उदाहरणार्थ?”

“पान अकरा. ‘झाकण उघडे असताना यंत्र सुरू करू नये.’ केलं तर?”

“करायचंच नाही ना, बाई. म्हणून तर लिहिलंय.”

“करू नये असं लिहिलंय म्हणजे करता येतं. नाहीतर लिहिलं कशाला असतं? तुम्ही मला हवेत उडू नये असं कुठे लिहिलंय?”

साहेब हसले. “नाही नाही, तशी सोय आहे त्यात. झाकण उघडं असलं की ते सुरूच होत नाही. आमच्या इंजिनियरांनी सांगितलंय.”

“तुम्ही करून बघितलंत?”

थोरलीने डोळे मिटून घेतले. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आपल्या डोळ्यांदेखत हातचं चाललंय, हे तिला दिसत होतं, आणि बाईंना अडवावं असं तिला एकदाही वाटलं नाही.

“इथेच शेजारच्या खोलीत ठेवलंय एक,” साहेब म्हणाले. “धरा हं.”

पावलं वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. कोणीतरी खुर्ची सरकवली. मग एक झाकण उघडलं, एक खट्‌ झालं आणि फोनमधून घरघर सुरू झाली, मोठी, स्वच्छ, शंकेला जागा न ठेवणारी घरघर. पाठोपाठ कोणाची तरी किंकाळी आली, पुन्हा खट्‌ झालं आणि सगळं शांत झालं. पावलं परत आली, पण आता ती घाईघाईची होती.

“बाई,” साहेब म्हणाले. आवाज एवढासा झाला होता. “सुरू होतं.”

“हात ठीक आहे?”

“माझा ठीक आहे. शर्टाची बाही थोडी गेली.” त्यांनी श्वास घेतला. “हे पुढच्या आठवड्यात दुकानात जाणार होतं.”

“मग पान अकराचं आपण नंतर बघू. आधी यंत्र बघा.”

“हो.” साहेबांनी कुठलातरी कागद चाळला. “बाई, आमच्याकडे अशी आणखी एकोणतीस आहेत.”

“सगळ्यांची झाकणं उघडून बघा,” बाई म्हणाल्या. “बाह्या वर करा आधी. मी थांबते.”

साहेबांनी फोन टेबलावर तसाच ठेवला. पलीकडून ते कोणाकोणाला हाका मारत असल्याचं ऐकू आलं, आणि मग दूरवर, एकामागून एक, झाकणं उघडायला सुरुवात झाली.